गारगोटीची शीर

मोकेइरा दगड चाटते, हे ताबाकाच्या टेकडीवर सगळ्यांना ठाऊक आहे. आता ती चाटते तेव्हा खणणारे पुरुष पहार खांद्यावर टाकून गुमान उभे राहतात. पूर्वी हसायचे. "मोगाकाच्या बायकोला घरात जेवण मिळत नाही वाटतं," असं म्हणून एकमेकांना कोपर मारायचे.

ती या टेकडीवरची नव्हेच. तिचं माहेर खालच्या सपाटीवरचं, काळ्या मातीचं. तिकडे मुठीएवढा दगड सापडला तर पोरं तो घरी घेऊन यायची. चुलीचे तीन दगडसुद्धा लांबून आणलेले, आईच्या आईपासून चालत आलेले. अशी पोर लग्न होऊन आली ती ताबाकात, जिथं प्रत्येक केळीच्या बागेआड एक खाण आहे, प्रत्येक अंगणात पांढरी भुकटी आहे आणि कोंबड्यासुद्धा पिठात लोळल्यासारख्या दिसतात. लग्नानंतरच्या पहिल्याच सकाळी सासूनं, बोसिबोरीनं, तिच्यापुढं पाण्याची पाटी ठेवली, दगडात कोरलेल्या ओबडधोबड पाणघोड्यांचा ढीग ओतला आणि हातात पॉलिशपेपर दिला.

"आमच्यात दगडाला जन्म देतो पुरुष," बोसिबोरी म्हणाली, "आणि आंघोळ घालते बाई. घास."

मोकेइरा घासत राहिली. पाणघोडे, हत्ती, जिराफ, बशा, बुद्धिबळातले प्यादे. पाण्यात बुडवायचं, घासायचं, पुन्हा बुडवायचं. वर्षभरात बोटांवरच्या रेघा गेल्या. पण त्या गुळगुळीत बोटांना काहीतरी वेगळंच कळायला लागलं. कुठला तुकडा कुठल्या खाणीतला, हे ती डोळे मिटून सांगायची.

मग लेक केरुबो पोटात असताना डोहाळे लागले. दगड खायचे डोहाळे आमच्याकडे नवलाचे नाहीत. बाजारात बायका मऊ पांढऱ्या दगडाचे वाटे मांडून बसतातच. मोकेइराला मात्र एका खाणीच्या दगडानं भागेना. आज शेजारच्या ओमबातीच्या खाणीतला, उद्या वरच्या वळणावरचा, परवा सासऱ्याच्या खाणीतला. नऊ महिने तिनं अख्खी टेकडी चाखली. पांढरा दगड कोरडा असला की जिभेला वासरासारखा चिकटतो, सोडता सोडत नाही. गुलाबी दगडाला लोखंडाची चव, ओठ फुटल्यावर रक्त लागतं तशी. ज्यात गारगोटीचा कण असतो तो दातांत करकरतो. आणि एक हिरवट, करडा असतो, बोटभर जाडीच्या पट्टीत सापडणारा. तो जिभेला चिकटतच नाही. लोणी लावल्यासारखा सटकतो. त्याला कुणी नाव दिलं नव्हतं, कारण त्याचं काही बनत नाही. मोकेइरानं आपल्यापुरतं नाव ठेवलं, बुळबुळी.

बाकीचं ज्ञान तिला कुंपणाआडून मिळालं. तिचा सासरा, ओंगेरी, हा टेकडीवरचा जुना खणकरी. काटक, बोलण्यात तिखट, गुडघे वाकलेले. संध्याकाळी तो नातीला, केरुबोला, मांडीवर घेऊन अंगणात बसायचा. मोकेइरा कुंपणाच्या अलीकडे भाजी निवडायची आणि ऐकायची.

"ही टेकडी म्हणजे चुलीवर विसरलेलं पातेलं हाय बघ," ओंगेरी सांगायचा. "लई लई मागं खालनं आग आली. दगडाचा रस व्हऊन वर आली आणि निवली. निवली ती कशी? तुझ्या आजीच्या मनासारखी कडक."

"आजी ऐकतीय हं," केरुबो म्हणायची.

"ऐकू दे. मग त्या कडक दगडाच्या भेगाभेगांतनं उकळतं पाणी चढाय लागलं. एक दिवस न्हाई, एक जन्म न्हाई. माणूस नव्हता तवापासनं. त्या पाण्यानं कडक दाणा शिजवला, शिजवून मऊ केला. त्योच आपला शंखजिऱ्याचा दगड. जितं लोखंड मिसळलं तितं गुलाबी झाला. जितं पाणी जास्ती खेळलं तितं नुसतं वंगण झालं."

"आणि गारगोटी?"

"त्या पाण्यात जे विरघळलं होतं, ते भेगेत बसलं, गोठलं. ती गारगोटी. समदं शिजून मऊ पडलं, आणि शिजवणाऱ्याचं हाड तेवढं मागं राहिलं."

गारगोटी म्हणजे खणकऱ्याची सवत. छिन्नीचं तोंड मोडते, कोरलेल्या हत्तीचा सुळा ऐनवेळी उडवते. म्हणून बापानं पोराला शिकवलेलं, त्या पोरानं आपल्या पोराला, की गारगोटीची शीर दिसली की हात मऊकडं वळव. ताबाकाच्या माणसाचा हात झोपेतसुद्धा मऊकडंच वळतो.

हे सगळं मोकेइरानं सासऱ्याच्या तोंडून ऐकलं, पण सासऱ्यानं तिला म्हणून एक शब्द कधी सांगितला नव्हता. सांगणारच नाही. आमच्यात चिन्सोनी आहे. सासरा आणि सून एका छपराखाली एकटे बसत नाहीत, अरुंद वाटेवर समोरासमोर येत नाहीत, एकमेकांचं नाव घेत नाहीत. अंगाला अंग लागणं तर लांबच, सावली पडली तरी माणूस बाजूला होतो. वाट अरुंद असेल तर जो आधी दुसऱ्याला बघेल तो केळीत शिरतो. कितीतरी वेळा मोकेइरानं केळीची पानं हलताना पाहिली होती आणि ओळखलं होतं की सासरे आत उभे आहेत, आपण जाईपर्यंत.

खाणीवर दुपारचं जेवण न्यायचं तेही त्याच रीतीनं. नाचणीच्या घट्ट उकडीचा गोळा आणि पालेभाजी टोपलीत घालून ती खाणीच्या काठावर ठेवायची, दगडावर दगड दोनदा वाजवायची आणि निघून जायची. ती दिसेनाशी झाली की ओंगेरी खोबण्यांत पाय देत वर यायचा. बारा महिने, कितीएक वर्षं, त्या दोन ठोक्यांपलीकडं दोघांत काही बोलणं नव्हतं.

त्या शनिवारी ती टोपली घेऊन निघाली तेव्हा सगळी टेकडी ओस होती. शनिवारी ताबाकात पहार वाजत नाही, तो देवाच्या विसाव्याचा दिवस. सगळी पलीकडच्या उतारावरच्या ख्रिस्ती देवळात, प्रार्थनेला. नवरा मोगाका पांढरा सदरा, टाय घालून गेला होता. बोसिबोरी केरुबोला घेऊन गेली होती. जात नव्हता तो एकटा ओंगेरी. "सहा दिवस पोट दिलं आन् सातव्या दिवशी ते काढून ठेवायला सांगितलं का तुमच्या देवानं?" असं विचारून त्यानं पाद्र्यालाही गप्प केलं होतं. आणि म्हातारा उपाशी राहू नये म्हणून सून घरी.

रात्रभर पाऊस कोसळला होता. वाट निसरडी. मोकेइरा काठाशी आली, टोपली टेकवली, ठोके द्यायला दगड उचलला आणि समोरच्या भिंतीकडं बघून तिचा हात तसाच राहिला.

खाण म्हणजे दोन पुरुष खोल, वरून उघडी. समोरची भिंत पांढरी, तिच्या डाव्या अंगाला गारगोटीची शीर तिरकी उभी, बरगडीसारखी. ओंगेरीला गेल्या आठवड्यात भिंतीच्या बुडाशी गुलाबी पट्टा लागला होता. त्याच्यामागं लागून तो भिंतीखाली आत आत गेला होता. पावाच्या भट्टीसारखी कपार झाली होती तिथं. आणि त्या कपारीच्या वर, हातभरावर, बुळबुळीची हिरवट रेघ. एरवी ती फिकी असायची. आज काळी पडली होती, ओली. तिच्यातून थेंब झरत होते आणि प्रत्येक थेंबाबरोबर चिमूटभर पांढरं खाली येत होतं.

वरचा सगळा दगड वंगणावर बसलाय आणि खालचा आधार म्हाताऱ्यानं पोखरलाय, हे तिला एका नजरेत कळलं.

तिनं दोनदा ठोकलं. खालून कुदळीचा आवाज येतच राहिला. पुन्हा ठोकलं. कुदळ थांबली, पण कुणी वर आलं नाही. ती काठावर उभी असताना तो वर येणारच नव्हता.

सासऱ्याला हाक मारता येत नाही. पण अडीअडचणीला आमच्या बायका तिसऱ्याशी बोलतात. समोर केळीचं झाड असो, शेळी असो, त्याला सांगायचं. ज्यानं ऐकायचं तो ऐकतो. मोकेइरानं शेजारच्या केळीकडं तोंड केलं आणि मोठ्यानं म्हणाली, "केळी गं, भिंतीला पाझर फुटलाय. काळी रेघ सरकणार आहे. खाली कुणी असेल तर त्यानं बाहेर यावं."

मग खालून खणखणीत आवाज आला, "कुदळी, सांग त्या केळीला, हे म्हातारं भिंती बघत बघतच पांढरं झालंय. घासणाऱ्यानं घासावं."

"केळी, सांग कुदळीला, रेघेतनं माती गळतीय."

"पावसानंतर गळतीच. कुदळी, तिला विचार, शेंबूड आला की तिचं नाक तुटून पडतं का?"

दुसरी वेळ असती तर मोकेइरानं पदराआड हसून घेतलं असतं. आता ती काठावर आणखी पुढं झाली. "केळी," तिचा आवाज चिरकला, "त्यांना म्हणावं, निदान उजेडात येऊन वर बघा!"

"एवढा एक गुलाबी तुकडा सुटू दे, मग येतो. कुदळी, तिला घरी जायला सांग. ती उभी असली तर मी चढू कसा?"

तेही खरंच होतं. ती मागं फिरली, चार पावलं गेली. तेवढ्यात भिंतीतून आवाज आला. वाळलेली फांदी वाकवली की येतो तसा, बारीक. मोकेइरा परतली आणि तिनं जे केलं त्याचा तिला पुढं जन्मभर त्रास झाला. खाली जाऊन, रेघेवर बोट ठेवून दाखवावं, एवढंच मनात धरून तिनं पहिल्या खोबणीत पाय घातला.

खालून ओंगेरीला सुनेची पावलं दिसली. अरुंद खाणीत सून उतरतेय! केळीत शिरायला इथं केळ नव्हती. तो दचकून पाठमोरा झाला, लाजेनं मान खाली घालून आडोसा शोधत कपारीत शिरला. आत, अगदी आत.

आणि भिंत बसली.

फार मोठा आवाज झाला नाही. ओलं गोणपाट जमिनीवर टाकावं तसा. वरचा थर रेघेवरून घसरून खाली आला, कपारीचं तोंड बुजलं आणि पांढऱ्या धुळीचा लोट काठापर्यंत चढला. मोकेइरा खोबणीला चिकटून राहिली. धूळ निवळली तेव्हा ती किंचाळली. पलीकडच्या उतारावरून देवळातलं गाणं येत होतं, ढोलासकट. त्या गाण्याच्या खाली तिची किंकाळी विरून गेली.

ती ऐकून काठावर काठी टेकत धावत आला तो एकटा ओमबाती, शेजारचा म्हातारा, ओंगेरीच्या बरोबरीचा. लंगडा पाय घेऊन देवळाचा चढ चढवत नाही म्हणून शनिवारी तोही घरीच असायचा.

"काय झालं? ओंगेरी कुठाय?"

मोकेइरानं ढिगाऱ्याकडं बोट दाखवलं. आणि तेवढ्यात आतून, खोल, दगडावर दगड वाजला. दोनदा.

"जिवंत हाय!" ओमबातीनं काठी आपटली. "मी देवळात जातो, माणसं आणतो. तू वर ये, पोरी."

"तुम्ही जाईपर्यंत आणि ते येईपर्यंत वरचा उरलेला थर बसेल. मी काढते."

"तू? तुझा सासरा हाय तो आत! त्या भोकात तू आणि तो? चिन्सोनी काय धुऊन प्यालीस का?"

"आजोबा, माझ्याशी भांडण्यात तुमचा चांगला पाय पण जाईल. पळा!"

ओमबाती तोंडातल्या तोंडात शिव्या देत निघाला. दोन पावलांवर थांबून ओरडला, "काढायचंच असलं तर उजवीकडनं काढ. मऊ हाय, हातानंसुद्धा निघल!"

मोकेइरा खाली उतरली, ढिगाऱ्याजवळ गेली. उजवीकडं खरोखरच लोण्यासारखा दगड होता. पहार घातली की पाटीभर निघेल असा. तिचा हातही तिकडंच वळला. मग तिनं तिथला एक खडा उचलून जिभेला लावला. चिकटला नाही. सटकला. ती ओलं वंगण थुंकली आणि डावीकडं सरकली, गारगोटीच्या शिरेकडं. शिरेला चिकटलेला तुकडा चाटला. जीभ धरली त्यानं, कोरड्या ओठानं धरावी तशी. इथं पाणी मुरलं नव्हतं. वरून आलेला सगळा भार या बरगडीला अडला होता आणि तिच्या कुशीत नुसती ढेकळं साचली होती.

इथून वेळ लागणार होता. शीर वाकडी, जागा अरुंद, गारगोटीच्या धारेवर हात कापणार. उजवीकडनं गेलं तर निम्म्या वेळात पोचता येईल, किंवा निम्म्या वेळात दोघांचीही कबर होईल.

बाजूला पडलेली सासऱ्याची पहार उचलून तिनं शिरेच्या कडेनं ढेकळं उपसायला सुरुवात केली.

थोडं आत गेल्यावर फट पडली आणि आवाज आला. कोंदलेला, पण तोच तिखट. "कोण हाय? मोगाका?"

तिनं उत्तर दिलं नाही. हातात पहार होती. तिलाच म्हणाली, "पहारी, सांग आत, मोगाका देवळात आहे."

आत चाचपडल्याचा आवाज झाला. मग, "मला कुदळ सापडत न्हाई. नाहीतर तिला म्हणलो असतो, की केरुबोच्या आईला घरी पाठव."

"पहारी, विचार त्यांना, लागलंय का?"

"पाय अडकलाय. दगड बसलाय वर." मग जरा थांबून, "पाणी येतंय. कमरेला लागलं."

मोकेइराचे हात भरभर चालायला लागले. गारगोटीच्या कडेनं तळवा फाटला. पांढऱ्या चिखलात लाल ओघळ गेला आणि गुलाबी झाला.

"कुठनं खणतीय ती?" आतून आवाज.

"शिरेच्या अंगानं."

"खुळी का काय! गारगोटीशेजारी कोण खणतं? मऊ अंगाला हो, मऊ अंगाला! पहारी, सांग तिला, आम्ही चार पिढ्या मऊ अंगानं खणलं!"

"पहारी, सांग त्यांना," मोकेइरा दात खाऊन म्हणाली, "मऊ अंगच त्यांच्या उरावर बसलंय."

आतून हुंदक्यासारखा आवाज आला. हसला की कण्हला, कळलं नाही. ती पोटावर सरपटत होती. पाठीला शीर घासत होती, गार आणि खरखरीत, आणि त्या खरखरीचा तिला आधार वाटत होता. मधेच उजवीकडचा ढिगारा हलला. चर्र झालं, मुठीएवढे दगड तिच्या पायांवर आले. तिनं श्वास रोखला. शीर हलली नाही. तिनं समोरचा खडा चाटला, चिकटला, पुढं सरकली. पुढचा चाटला, पुढं सरकली. एक सटकला तेव्हा तिनं हात आखडता घेतला आणि शिरेला आणखी बिलगून वाट काढली.

"ऐक," ओंगेरी म्हणाला. या वेळी कुणाला, ते त्यानं सांगितलं नाही. "पाणी छातीला आलंय. वरनं माती पडतीय. पोर लहान हाय. तिला आजी सांभाळल, पण आजीच्या हाताला चव न्हाई. तू माघारी जा."

मोकेइरा थांबली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तो तिच्याशी बोलला होता. आणि तेही परत जा म्हणायला.

तिनं शेवटची ढेकळं ढकलली. हात पलीकडं गेला. अंधारात, पाण्यात, तिच्या बोटांना कुणाची तरी बोटं लागली आणि लगेच मागं सरली, विस्तवाला लागल्यासारखी.

"हात द्या," ती म्हणाली.

तिनं हात आणखी पुढं सारला.

"हात द्या म्हणते ना!"

"सून हायेस तू."

"हो."

"माझ्या आईनं तिच्या सासऱ्याला... म्हणजे माझ्या आजाला, पुरात..." त्याचं बोलणं तुटलं. "आजा वाहून गेला. माझी आई काठावर होती. तिनं हात दिला न्हाई. समद्या गावानं तिला नावाजलं. चांगली बाई, म्हणाले."

"मग? त्या चांगल्या बाईला रात्री झोप लागायची का?"

वरून एक मोठा धोंडा पाण्यात पडला. बुडबुडे आले. आतला श्वास जोरात चालू झाला आणि मग ओंगेरी अगदी लहान पोरासारखं म्हणाला, "न्हाई. केळीत जाऊन रडायची."

कपड्याची सळसळ झाली. त्यानं अंगातला कोट काढून डोक्यावरून घेतला होता, तोंडावर ओढला होता. तिला बघायचं नाही म्हणून. त्या अंधारात असं काय दिसणार होतं! पण तेवढं त्याला करायचं होतं, आणि ते झाल्यावर त्यानं हात पुढं केला. खडबडीत, पोलादी हात. मोकेइरानं तो मनगटात धरला.

पाय सुटायला वेळ लागला. तिनं पहारीचं टोक शिरेवर टेकवलं आणि अडकलेला दगड उचकटला. दुसऱ्या कशावर टेकवलं असतं तर पहार रुतली असती. गारगोटीनं ती तोलून धरली. ओंगेरी ओरडला, पाय निघाला, भलत्याच कोनात वळलेला. मग ती मागं मागं सरपटत राहिली आणि त्याला ओढत राहिली, ओला दगड ओढावा तसा. ती उजेडात आली, तो उजेडात आला, त्याच्या डोक्यावर अजून कोट होता. खोबण्यांपाशी पोचतात न पोचतात तोच मागं उजवा ढिगारा बसला आणि कपार होती की नव्हती असं झालं. शीर तेवढी उभी राहिली.

काठावर माणसं आली होती. टाय घातलेली, हातात पोथ्या असलेली. गाणं थांबलं होतं. सगळ्यांनी पाहिलं ते एवढंच, की मोगाकाची बायको चिखलात बसली आहे आणि सासऱ्याचं डोकं तिच्या मांडीवर आहे.

बोसिबोरीनं केरुबोचे डोळे झाकले. मोगाका खाली उडी मारून आला. त्यानं बापाला उचललं, बायकोकडं पाहिलं आणि त्याची नजर खाली गेली.

ओंगेरीला वर आणून केळीच्या पानांवर निजवलं. हाडं बसवणारीला बोलवायला माणूस गेला. तेवढ्यात ओमबातीनं चारपाच म्हाताऱ्यांना बाजूला घेतलं. बोलणं मोकेइराला ऐकू येत होतं. तिला ऐकू यावं असंच होतं ते.

"झालं ते झालं. दगडानं पाहिलं, दगड बोलत न्हाई. मी काढलं म्हणू. लंगडा असलो तरी पुरुष हाय. शुद्धीचा बकरा नको, पंचायत नको, पोरीचं नाव उगाच तोंडातोंडी व्हायला नको."

म्हाताऱ्यांनी माना डोलावल्या. भली माणसं होती ती, वाईट हेतू नव्हता. मोगाकानंसुद्धा सुटकेचा श्वास सोडला. मोकेइरा फाटलेला हात कुणीतरी आणून दिलेल्या पाण्याच्या पाटीत बुडवून बसली होती. पाणी गुलाबी होत होतं.

"बकरा कापा."

सगळे वळले. ओंगेरीनं डोक्यावरचा कोट काढला होता. तोंड पांढरंफटक, भुवयांवर चिखल वाळलेला.

"अरे, कशाला वाढवतोस?" ओमबाती म्हणाला. "तुझ्याच भल्याचं..."

"माझं भलं शिरेच्या अंगानं आलंय, तुझ्या लंगड्या पायानं न्हाई. बकरा कापला न्हाई तर काय झालंच न्हाई असं व्हईल. मला सुनेनं धरलं. हातानं धरलं, हितं." त्यानं मनगट वर केलं, त्यावर तिच्या रक्ताचे डाग होते. "बकरा कापा, आम्हां दोघांना धुऊन घ्या आणि साऱ्या टेकडीला जेवायला घाला. जेवताना प्रत्येकानं विचारू दे, बकरा कशाचा. आणि ज्यानं विचारलं त्याला सांगा."

बोसिबोरी पुढं झाली. नवऱ्याकडं न बघता, सुनेशेजारी बसली आणि तिचा हात पाटीतून काढून आपल्या डोक्याच्या सणाच्या रुमालात गुंडाळला. "काळा बकरा आहे गोठ्यात," ती मोगाकाला म्हणाली. "टाय सोड आधी."

बकरा कापला. दोघांना धुऊन घेतलं, पुन्हा चिन्सोनी लागू झाली. त्या दिवसानंतर ओंगेरी आणि मोकेइरा एकमेकांशी कधी बोलले नाहीत. केळीची पानं पूर्वीसारखीच हलत राहिली, फक्त आता आत मोकेइरा उभी राहायची, कारण म्हाताऱ्याचा पाय नीट बसला नाही आणि केळीत शिरायला त्याला वेळ लागायचा.

खाणीत आता मोगाका उतरतो. दर सकाळी पहार लावण्याआधी एक टोपली घरी येते. तीत भिंतीचे तुकडे असतात, पावसाळ्यात तर हमखास. टोपली पाठवतो ओंगेरी, काठावर पाय पसरून बसलेला. मोकेइरा घासणं बाजूला ठेवते, एकेक तुकडा जिभेला लावते. चिकटला तो टोपलीत परत जातो. सटकला तो ती काढून घेते, आणि ज्या जागचा तो, त्या जागी त्या दिवशी पहार लागत नाही. ओमबातीनं महिनाभर टिंगल केली. मग एक दिवस त्याच्याही खाणीतून टोपली आली, वर केळीचं पान झाकून, जसं काही आत अंडी आहेत.

एकदा केरुबोनं आजोबाला विचारलं, "टोपलीबरोबर काय निरोप सांगू आईला?"

"निरोप कसला?" म्हातारा म्हणाला. "दगडावर दगड दोनदा वाजव. कळल तिला."